पेटीचा सदरा

(दुपारचे सव्वातीन. प्रयोगशाळेतली बिनखिडकीची छोटी खोली. दिवा नुकताच बंद केला आहे. नणंद आणि भावजय दोन स्टुलांवर.)

नणंद : ते काही नाही. माझ्या शिवणीतून उजेड गळतो, हे शब्द आधी मागे घे. मग मी गप्प बसते.

भावजय : घेतले मागे. पण ताई, हलू नका. पायाशी वायर आहे.

नणंद : मला माझा पायच दिसेना, वायर कुठून दिसणार! एवढा काळोख कशाला केलास?

भावजय : तुमच्याच शिवणीची परीक्षा घ्यायला. खोलीत उजेडच नसला, तर पेटीत गळणार काय?

नणंद : म्हणजे मी आरोपी.

भावजय : साक्षीदार म्हणा.

नणंद : सव्वीस वर्षं मशीन चालवतेय. सदरे शिवले, झगे शिवले, नाटकातल्या राक्षसाचा अंगरखा शिवला. पेटीला सदरा शिवून द्या, असं म्हणणारी तू पहिली. तरी शिवला. दोन बाह्या, दुहेरी काळं कापड, वर अस्तर, शिवणीशिवणीवर तीन टिपा. त्यातून पाणी झिरपणार नाही, उजेड काय झिरपतोय!

भावजय : अहो, सदरा झकासच आहे. बाह्यांत हात घातले की थेट पेटीत, आणि बाहेरचा उजेड बाहेर. तक्रार बाह्यांची नाहीच. पण त्या लावल्या त्या दिवसापासून, तीन आठवडे झाले, माझी कोरी नळी उजळतेय.

नणंद : काहीतरी टिकटिकतंय.

भावजय : तोच तो उजेड.

नणंद : उजेड वाजतो?

भावजय : मी वाजवते त्याला. एरवी आकडे स्क्रीनवर येतात, पण स्क्रीनचाही उजेड पडतो. म्हणून तिच्यावर तुमच्याच उरलेल्या कापडाचा तुकडा टाकलाय आणि यंत्राला स्पीकर जोडलाय. पेटीत यंत्राचा एक डोळा आहे, फार तिखट. त्याला उजेडाचे शंभर कण दिसले की एक टिक.

नणंद : मग हे तर मशीन भरधाव सुटल्यासारखं वाजतंय!

भावजय : तेच ना! आणि आत आहे काय? कोरी नळी. पाणी आणि ल्युमिनॉल, बस्स. हिने तोंड मिटून बसायचं असतं.

नणंद : ल्युमिनॉल कोण?

भावजय : पहिल्यापासून सांगू?

नणंद : सांग बाई. कोंडून तर घातलंच आहेस.

भावजय : एक पांढरी भुकटी असते, झिंक पेरॉक्साइड. धातूने ऑक्सिजन पोटात धरून ठेवलेला. पाण्यात पडली की तो सुटतो, पण सगळा काही सभ्यपणे सुटत नाही. त्यातला थोडा माथेफिरू होऊन सुटतो. समोर येईल त्याला भिडतो आणि क्षणात संपतो.

नणंद : ओळखीचा वाटतोय स्वभाव. पुढे?

भावजय : इतकं कमी जगणाऱ्याला बघायचं कसं? म्हणून आधीच ल्युमिनॉल घालून ठेवायचं. माथेफिरूने त्याला धडक दिली की ल्युमिनॉल चमकतं. निळसर, अगदी पुसट. ती चमक मोजली की माथेफिरू किती ते समजतं.

नणंद : किती ते समजलं. पण कोण, ते?

भावजय : अहो ताई! हा प्रश्न सुचायला मला दोन वर्षं लागली! त्यांच्यात भावंडं बरीच आहेत. म्हणून एकेकाला धरून ठेवणारं काहीतरी नळीत सोडायचं. एक एन्झाइम आहे, ते फक्त सुपरऑक्साइड नावाच्या भावाला धरतं. ते घातलं आणि चमक पडली, तर...

नणंद : तर गोंधळ तोच घालत होता. आमची आई हेच करायची. खोलीतून आरडाओरडा आला की आधी बाळ्याला बाहेर काढायची. आवाज थांबला की मग कुणाला काही विचारायची नाही.

भावजय : हे मी प्रबंधात घालते. खरंच घालते. माझ्या नवऱ्याच्या नावासकट.

नणंद : घाल. पण मग अडलंय कुठे?

भावजय : अडलंय असं, की झिंक पेरॉक्साइड हा गरीब प्राणी आहे, तो सुपरऑक्साइड सोडत नाही, असं सरांचं ठाम मत. मी म्हणते, सोडतो. जुन्या बाह्या असताना मला दोनदा दिसलाय. पण त्या बाह्या विरलेल्या. विरलेल्या बाह्यांतला पुरावा कोण मानणार? म्हणून तुमच्या मागे लागून नव्या शिवून घेतल्या. आणि आता बघा. कोरी नळी चमकते, भुकटीची चमकते, एन्झाइम घातलेली पण चमकते. सर काय म्हणाले माहितीये? ‘बाई, उजेड तुमची भुकटी देत नाहीये. तुमची पेटी देतेय.’

नणंद : पेटीचा अपमान म्हणजे सदऱ्याचा अपमान.

भावजय : चार वाजता येतायत. तोवर कोरी नळी गप्प झाली नाही, तर शेवटचं प्रकरण कापून टाका म्हणालेत. पाच वर्षांतलं माझं स्वतःचं असं तेवढंच आहे हो. बाकीचं सगळं दुसऱ्यांनी केलेलं, मी नीट पुसून पुन्हा मांडलेलं.

नणंद : माप न घेता कात्री लावणारा माणूस मला मुळीच आवडत नाही. येऊ दे त्याला.

भावजय : त्याला नाही, त्यांना.

नणंद : अंधारात सगळे सारखेच.

भावजय : शू! ऐका. टिकटिक हळू होतेय.

नणंद : हो गं. मघाशी धो धो होती. म्हणजे दिवा घालवला आणि गळती थांबली? मग माझीच शिवण?

भावजय : नाही! थांबा... नाही, ताई, नाही! गळती असती तर दिवा घालवल्या क्षणी टिकटिक झटकन पडली असती. ही सावकाश उतरतेय. दहा मिनिटं झाली, अजून उतरतेच आहे. तुमची शिवण सुटली! म्हणजे, निर्दोष सुटली!

नणंद : सांगत काय होते मी मघापासून? तीन टिपा!

भावजय : म्हणजे उजेड आतलाच. मी नळ्या ठेवायला झाकण उघडते ना, तेव्हा आतलं काहीतरी खोलीतला उजेड पिऊन घेतं. आणि झाकण लावलं की बसतं ओकत, सावकाश, तासभर.

नणंद : असं.

भावजय : पण आहे काय आत? स्टँड स्टीलचा. नळ्या काचेच्या. लेबलं काढली, डिंक खरवडला, प्लास्टिक तर कधीच बाहेर गेलं. राहिला फक्त तुमचा सदरा, आणि तो तर काळा. काळं कापड, काळा दोरा. ...ताई? ...ताई, आहात ना?

नणंद : आहे.

भावजय : एवढा वेळ गप्प? बरं वाटत नाहीये का? दार उघडू?

नणंद : नको, नको. शास्त्रीणबाई, एक विचारू? रागावणार नाहीस ना?

भावजय : विचारा की.

नणंद : तो जो उजेड आहे ना तुझा... तो चिमणीच्या आकाराचा असू शकतो का गं?

भावजय : उजेडाला आकार... काय म्हणालात?

नणंद : चिमणी. एवढीशी. नखाएवढी.

भावजय : ताई.

नणंद : डाव्या बाहीच्या काखेत. पेटीच्या आतल्या अंगाला. डोकं आत घातल्याशिवाय दिसायची नाही.

भावजय : ताई!

नणंद : नाटकातल्या भुतांचे झगे शिवले होते गं. त्यांचा तो रेडियमचा दोरा उरला होता, अंधारात चमकणारा. म्हटलं, ही पोर दिवस दिवस काळोखात बसते एकटी...

भावजय : तीन आठवडे! मी पेटी चार वेळा धुतली! नळ्या आम्लात बुडवून ठेवल्या! ल्युमिनॉल नवं मागवलं! सरांना... सरांना मी मनगटावरचं घड्याळ काढायला लावलं, त्याचे काटे चमकतात म्हणून! आठवडाभर ते सगळ्यांना वेळ विचारत हिंडत होते!

नणंद : तू रडतेयस?

भावजय : हसतेय! मला धरा, मी स्टुलावरून पडेन. काखेत चिमणी! पेटीच्या काखेत चिमणी!

नणंद : हसू नको, मलाही येतंय. अगं, पाय... वायर, वायर!

भावजय : असू दे, फार ताणली नाही. थांबा, बघू तरी. यंत्राच्या डोळ्यावरची झडप लावते, नाहीतर तो आंधळा व्हायचा. लावली. आता झाकण... बाही बाहेर ओढा तुम्ही, तुम्हाला सवय आहे.

नणंद : ही उजवी. ही... हां, सापडली. बघ.

भावजय : अगं बाई.

नणंद : डोळे सरावले की छान दिसते, नाही?

भावजय : चोच पण काढलीय.

नणंद : चोचीशिवाय चिमणी कसली? शेपूट जरा वाकडी झाली. घाईत होते.

भावजय : ही मला माहितीये. ही चिमणी मला माहितीये, ताई.

नणंद : कशी माहितीये?

भावजय : लग्नानंतर पहिल्याच महिन्यात इस्त्री करत होते. ह्यांच्या सदऱ्याच्या खिशाच्या आत होती. मग दुसऱ्यात बघितलं, त्यातही. सासूबाईंच्या पोलक्यात काठाच्या आत. मी विचारलं तर हे म्हणाले, ताई घरच्यांच्या कपड्यांत काढते, लपवून, गिऱ्हाइकांच्या नाही काढत.

नणंद : बाळ्याच्या पोटात काही राहील तर शपथ.

भावजय : मग मी माझे कपडे कपाटातून काढले. तुम्ही मला शिवून दिलेले, लग्नातले, नंतरचे. एकूणएक उलटे करून बघितले. नऊ वर्षं बघतेय. नवीन काही शिवून आलं की आधी दार लावून उलटं करते. फार वाईट वाटायचं हो. सांगू कुणाला? नणंदेने चिमणी काढली नाही म्हणून रडते, असं कुणाला सांगायचं?

नणंद : खरं सांगू? बरं झालं अंधार आहे ते. तू आलीस ती तीन पेट्या पुस्तकं घेऊन. मी आठवीत शाळा सोडली. तू काही बोललीस की मला वाटायचं, ही मनात हसतेय. म्हटलं, ही काही आपल्यातली व्हायची नाही. म्हणून नाही काढली.

भावजय : आणि मग?

नणंद : मग आईच्या आजारपणात तू तिचं सगळं केलंस. रात्रंदिवस. तेव्हाच कळलं मला. पण तोवर पाच वर्षं उलटून गेलेली. एवढ्या उशिरा कोणत्या तोंडाने काढायची? तुला दिसली असती तर तू म्हणाली असतीस, आज बरी सुचली.

भावजय : मी नाचले असते!

नणंद : मला काय ठाऊक! मग तू हा पेटीचा सदरा मागितलास. म्हटलं, ही जागा बरी आहे. इथे ती कुणाला कधीच दिसणार नाही, तुलासुद्धा नाही. आपली मी काढून मोकळी.

भावजय : ताई, अहो, जगात इतक्या जागा! आणि तुम्ही शोधून शोधून अशी निवडली, की जिथे चोवीस तास एक डोळा बसलाय, आणि त्याला दुसरं कामच नाही!

नणंद : हसून घे. किती वाजले?

भावजय : घड्याळ लावलंय कुणी? साडेतीन तरी झाले असतील.

नणंद : मग बाही धर ताठ. उसवते.

भावजय : इथे? दिवा लावू का?

नणंद : दिवा कशाला? तिचाच उजेड पुरे. कात्री माझ्या गळ्यात असतेच. तू फक्त हलू नको, आणि हसू तर मुळीच नको.

भावजय : शेपटीपासून सुरू केलंत?

नणंद : शेवटचा टाका शेपटीला होता. तिथूनच सुटते. ही गेली शेपूट. हे पंख.

भावजय : मला बघवत नाही.

नणंद : मग डोळे मिट. इथे मिटले काय, उघडे ठेवले काय! ...पोट गेलं. चोच राहिली. ...झालं. दोरा माझ्या मुठीत. आता बघ, काही दिसतंय?

भावजय : काहीच नाही. मूठ घट्ट मिटा हं. खिशात टाका, वर रुमाल कोंबा. बाही आत ढकला. मी झाकण लावते. कोरी नळी डोळ्यासमोर आहे. झडप उघडू?

नणंद : उघड की.

भावजय : उघडली.

नणंद : काहीच वाजेना! बंद पडलं का गं यंत्र? मघाशी वायर ओढली मी...

भावजय : थांबा.

नणंद : टिक म्हणाली. एकदाच!

भावजय : एकदाच! तेवढं चालतं, तेवढी यंत्राची स्वतःची उचकी असते. ताई, कोरी नळी गप्प आहे! तीन आठवड्यांनी गप्प आहे!

नणंद : मिठी नंतर मार, आधी भुकटी.

भावजय : हो, हो. हात घालते बाह्यांत. स्टँडमधली दुसरी नळी, झिंकची. ही डोळ्यासमोर. ही ल्युमिनॉलची सिरिंज. दाबू?

नणंद : मला काय विचारतेस? दाब!

भावजय : दाबली.

नणंद : अगं अगं अगं! मशीन सुटलं!

भावजय : ही खरी चमक! ही भुकटीची चमक! आता तिसरी. हीच भुकटी, पण आधीच एन्झाइम घातलेलं. सुपरऑक्साइड असला, तर तो धरला जाईल आणि...

नणंद : बाळ्याला बाहेर काढ!

भावजय : काढला! ऐका!

नणंद : पडली. अर्ध्यावर आली की गं!

भावजय : अर्ध्याच्याही खाली! तोच होता! तोच गोंधळ घालत होता!

सर : आत कोण नाचतंय?

नणंद : आले वाटतं घड्याळवाले.

भावजय : सर, दार उघडू नका! झडप उघडी आहे!

सर : उघडत नाही. दाराबाहेरच उभा आहे. कोरी नळी काय म्हणते?

भावजय : काही म्हणत नाही, सर!

सर : काहीच नाही?

भावजय : अधूनमधून एक टिक. दाराला कान लावा, पुन्हा लावून दाखवते. ही कोरी. ...ऐकलंत? ही चौथी, ताजी झिंकची. ...आणि ही पाचवी, एन्झाइमवाली.

सर : पुन्हा एकदा. शेवटच्या दोन.

भावजय : दोन्हींच्या ताज्या नळ्या आहेत. ही सहावी. आणि ही सातवी.

सर : हं.

नणंद : हं म्हणजे काय? कापायचं की ठेवायचं?

सर : आत आणखी कोण आहे?

भावजय : माझ्या नणंदबाई आहेत, सर. पेटीचा सदरा यांनीच शिवलाय.

सर : नमस्कार. बाई, माझं मत चुकीचं असण्याची शक्यता निर्माण झाली आहे. प्रकरण ठेवा. पण गेल्या तीन आठवड्यांची सगळी मोजणी रद्द. पहिल्यापासून करा, दहा दहा वेळा.

भावजय : शंभर वेळा करते, सर!

सर : दहा पुरे. आणि तो पेटीतला उजेड कशाचा होता, ते स्पष्ट लिहा. लपवायचं नाही. कशाचा होता?

भावजय : चिमणीचा, सर.

सर : कशाचा?

नणंद : दोऱ्याचा, दोऱ्याचा! चूक माझी. चमकणारा दोरा वापरला.

सर : ‘चमकणारा दोरा’ असं लिहा. आणि माझं घड्याळ कुठे आहे?

भावजय : माझ्या टेबलाच्या वरच्या खणात, सर. काळ्या कागदात गुंडाळून ठेवलंय.

सर : बरं. चालू द्या.

नणंद : गेले. माणूस वाईट नाही गं. माप दाखवलं की ऐकतो.

भावजय : ताई, मला उड्या माराव्याशा वाटतायत, पण खोली एवढीशी.

नणंद : मार दोन. मी वायर धरून ठेवते.

भावजय : ...आई गं! गुडघा.

नणंद : मार आणखी!

भावजय : ताई, तो दोरा द्या ना मला. चिमणीचा.

नणंद : वेडी की काय! या खोलीत तो दोरा पुन्हा आणायचा नाही. आता जाताना ह्या बाह्या सोडवून दे. उद्या सकाळी परत आणते.

भावजय : कशाला? शिवण तर पक्की आहे.

नणंद : साध्या काळ्या दोऱ्याने काढते. काळ्यावर काळी. आणि आता काखेत नाही, मनगटाशी, हाताच्या बाजूने. तुझ्या त्या यंत्राच्या बापालाही दिसायची नाही.

भावजय : मग मला कशी दिसेल?

नणंद : तू बोट फिरव.